भूक मेली, असं मी लिहिलं

मे महिना लागला की दिल्लीत अन्नावरची वासना उडते. सकाळी आठलाच खिडकीची जाळी तापलेली असते, नळाला कढत पाणी येतं, कूलर ओल्या वाळ्याचा वास घरभर फेकतो आणि ताटातली पोळी बघून पोटातून काही उत्तरच येत नाही. सरोजिनी नगरच्या आमच्या सरकारी क्वार्टर्समध्ये या दिवसांत जिन्यात भेटणारी प्रत्येक बाई एकच वाक्य बोलते, गर्मी में तो भूख ही मर जाती है. मी मान डोलावते आणि आतून चिडते. गेली बावीस वर्षं मी दर मे महिन्यात अशीच चिडते आहे. नवरा म्हणतो, तुला ऊन चढतं. उन्हाचा यात काही दोष नाही, हे त्याला मी कधी सांगितलेलं नाही.

भूक मेली असं एकदा मीही लिहिलंय. जिन्यात नाही, प्रबंधात. कापडी बांधणी, सोनेरी अक्षरं, पाच प्रती. उंदरांना एक औषध दिलं, त्यांची भूक कमी झाली, त्यांच्या वागण्यात दुसरा कोणताही वाईट बदल आढळला नाही. एवढ्यावर मला लोक डॉक्टर म्हणतात, दारावरच्या पाटीवरही तसंच लिहिलंय. त्यातलं शेवटचं वाक्य धडधडीत खोटं आहे आणि मधलंही धड खरं नाही.

यंदा ते वाक्य माझ्याच मुलीने मला वाचून दाखवलं. सई एकोणीस वर्षांची. तिच्या मैत्रिणीच्या बहिणीने म्हणे भूक मारणारं इंजेक्शन घेतलं आणि तीन महिन्यांत लग्नाच्या लेहेंग्यात मावली. ज्यांना खरी गरज आहे त्यांना डॉक्टर तपासून असली औषधं देतात, त्याबद्दल माझं काही म्हणणं नाही. पण सईला ना आजार ना काही. धडधाकट पोरगी, आरशासमोर उभी राहून पोटाची चिमूट धरते आणि मला म्हणते, मलाही हवं. मी नाही म्हटल्यावर तिने संस्थेच्या साइटवरून माझाच स्कॅन केलेला प्रबंध शोधून काढला. ‘‘आई यार, तूच तर लिहिलंयस. बिहेवियरमध्ये काहीच प्रॉब्लेम नव्हता, बघ ना.’’ मी तिच्या हातातला फोन हिसकावून घेतला. माझं औषध वेगळं होतं, ते पुढे बाजारात आलंच नाही, हे मी तिला शांतपणे सांगू शकले असते. पण मग पुढचंही सगळं सांगावं लागलं असतं, म्हणून मी नुसतीच ओरडले.

तो उन्हाळा मला डोळ्यांआधी नाकाला आठवतो. दक्षिण दिल्लीतली ती संस्था, तिचं नाव मी घेत नाही. मागच्या इमारतीच्या तळमजल्यावर उंदरांची खोली होती. बाहेर लू अशी वाहायची की बसस्टॉपपासून दारापर्यंत येईतो ओढणी तोंडावर करपल्यासारखी वाटायची. दोन दारं ओलांडून आत गेलं की एकदम अंधार. उंदीर रात्री जागे असतात, म्हणून त्यांची रात्र उचलून आमच्या दिवसावर आणून ठेवलेली. सकाळी दिवे बंद व्हायचे, संध्याकाळी लागायचे, आणि आमच्यासाठी मध्ये एक लाल बल्ब जळत असायचा. भर दुपारी त्या लाल अंधारात पहिली दोन मिनिटं काही दिसायचं नाही. फिनेल, मूत आणि मका यांचा मिळून एक वास यायचा आणि बारीक दातांचा आवाज चालू असायचा. परभणीहून दिल्लीला आलेली मी, मला ती खोली तेव्हा आवडायची, हे सांगायला आज लाज वाटते.

काम सोपं होतं. चाळीस पिंजरे. निम्म्यांना साधं खाणं, निम्म्यांना तुपात मळलेलं गोड खाणं. दोन्हींतल्या अर्ध्यांना औषधाची सुई, उरलेल्यांना नुसत्या मिठाच्या पाण्याची. रोज सकाळी खाणं वजन करून पिंजऱ्याच्या झाकणात घालायचं आणि दुसऱ्या दिवशी उरलेलं पुन्हा वजन करायचं. वजाबाकी म्हणजे भूक. शिवाय दुपारी एक तास पिंजऱ्यांसमोर बसून कोण किती वेळा उभा राहतो, कोण अंग चाटतो, कोण नुसता पडून राहतो याच्या खुणा करायच्या. मिठाच्या पाण्याचे उंदीर दाराची कडी वाजली तरी मागच्या पायांवर उभे राहायचे आणि सळ्यांमधून नाकं बाहेर काढायचे. औषधाचे उंदीर कोपऱ्यात पोट टेकून बसलेले असायचे, केस पिंजारलेले. त्यांच्या डोक्यावर, झाकणात, खाण्याचे गोळे तसेच्या तसे. वजाबाकी सुंदर येत होती आणि माझे गाइड, आमचे सर, खूश होते.

ही खोली ज्यांच्या जिवावर चालायची ते रामवीरजी. पस्तिशीचे, कंत्राटी कामगार, गाझियाबादच्या पुढच्या एका गावातून रोज पहिल्या पॅसेंजरने यायचे. पिंजरे धुणं, पाण्याच्या बाटल्या भरणं आणि उंदरांचं अंथरूण बदलणं ही त्यांची कामं. अंथरूण म्हणजे मक्याच्या कणसाचा भरडा, पोत्यातून यायचा. नियम दर तिसऱ्या दिवशी बदलण्याचा होता. रामवीरजी प्रत्येक पिंजरा उघडताना आतल्याला साहेब म्हणायचे. आइए साहब, ज़रा सरकिए साहब. मला त्याचं हसू यायचं. उंदीर कसा आहे हे ते वहीत न बघता सांगायचे, तो पुढे येतो की मागे सरकतो यावरून.

मेच्या मध्यावर एक दिवस त्यांनी मला हाक मारून औषधाचा एक पिंजरा लाल दिव्यासमोर उचलून धरला. खालचं प्लास्टिक दिसत होतं. आदल्या दिवशीच त्यांनी बोटभर जाड भरडा घातला होता. ‘‘मैडम जी, ये मत समझिए कि ये कुछ खा नहीं रहे,’’ ते म्हणाले. ‘‘ये अपना बिछौना खा रहे हैं.’’

मला पटलं नाही. दुसऱ्या दिवशी मी घड्याळ घेऊन त्या पिंजऱ्यासमोर बसले. उंदीर उठला, खाण्याच्या गोळ्याकडे बघितलंसुद्धा नाही. दोन्ही हातांत भरड्याचा एक कण धरून कुरतडू लागला. तो संपला, दुसरा घेतला. त्यात चव नाही, पोषण नाही, लाकूड चावावं तसलं ते. तरी तो खात होता, थांबून पुन्हा खात होता. मग मी ग्रंथालयात जाऊन वाचलं तेव्हा कळलं की उंदराला ओकता येत नाही. त्याच्या देहात ती सोयच नाही. पोटात ढवळू लागलं की तो माती खातो, भुसा खातो, सापडेल ते पोटात ढकलतो. म्हणजे माझ्या उंदरांची भूक मेलेली नव्हती. त्यांना मळमळत होतं, दिवसच्या दिवस मळमळत होतं, आणि ते बाहेर टाकायचा रस्ता त्यांच्याकडे नव्हता. मी कच्च्या वहीच्या उजव्या कडेला पिंजऱ्याचा नंबर घालून रोज लिहू लागले, अंथरूण खातोय, अंथरूण संपलं, रामवीरजींनी आज पुन्हा घातलं. मी लिहीत असताना ते झाडू हातात धरून शेजारी उभे असायचे.

पुढे दोन वर्षांनी सईच्या वेळी मला पहिले तीन महिने अशीच मळमळ होती. समोर आमटीभात असायचा, वासानेच तोंड फिरवायचे. एका दुपारी गॅलरीत तुळशीच्या कुंडीजवळ बसले होते आणि बोट ओलं करून माती चाटली. बरं वाटलं. मग मुठीत घेऊन खाल्ली. तेव्हा कुणी माझं ताट वजन करून लिहिलं असतं तर काय लिहिलं असतं, भूक कमी, वागणं ठीक. त्या दुपारी मी कुंडीशी बसून रडले आणि सासूबाईंना वाटलं मला माहेरची आठवण आली.

आता सरांबद्दल. सर सोलापूरचे. संस्थेत सगळे हिंदी-इंग्रजी बोलायचे, पण सरांच्या खोलीचं दार लागलं की ते मराठीत शिरायचे. अगं, जेवलीस का? घरी फोन केलास का? संक्रांतीला त्यांच्या पत्नीने पाठवलेल्या गुळाच्या पोळ्या ते स्वतः डबा उघडून द्यायचे. मला खोली त्यांनीच मिळवून दिली होती. परमुलखात आपल्या भाषेत बोलणारा माणूस आपल्या बाजूचा असतो असं आम्ही धरून चालतो. दिल्लीत आलेल्या प्रत्येक मराठी पोरापोरीने ही चूक एकदा तरी केलेली असते. कुणाची त्यात खोली जाते, कुणाचं एखादं वर्ष जातं. माझ्या चुकीची किंमत दुसऱ्यानेच भरली, आणि तो मराठी नव्हता, म्हणून मला ते तेव्हा फारसं टोचलंही नाही.

रविवारी सर कधीकधी आम्हा विद्यार्थ्यांना कोपर्निकस मार्गावरच्या आपल्या राज्याच्या जुन्या अतिथिगृहात खायला न्यायचे. त्या रविवारी मी एकटीच होते आणि पिशवीत कच्ची वही होती. थालीपीठ येईपर्यंत सरांनी कडेचे शेरे वाचले. सगळे वाचले, हे मी पाहिलं. मग वही मिटून माझ्याकडे सरकवली. ‘‘अगं, आपला विषय भूक आहे. भुसा नाही. पक्क्या वहीत आकडे उतरव, हे कडेचं राहू दे.’’ मी म्हटलं, पण सर, त्यांना मळमळतंय. ते हसले. उंदीर तुला येऊन सांगून गेला का, म्हणाले, आणि लोण्याचा अर्धा गोळा माझ्या ताटात टाकला.

कच्ची वही आणि पक्की वही ही आमच्याकडची पद्धत. कच्चीत घामाचे डाग, खाडाखोड, घाईचं अक्षर. पक्की दर आठवड्याला सुवाच्य अक्षरात उतरायची, तपासणीला तीच ठेवायची. माझं अक्षर चांगलं होतं. लहानपणी त्याला बक्षीस मिळालेलं. त्या चांगल्या अक्षरात मी सगळे आकडे उतरवले आणि कड कोरी ठेवली. सुरुवातीला पेनाने तिथे एक ठिपका पडला होता, तोही मी शाईच्या खोडरबराने घालवला. आज मला त्या ठिपक्याचासुद्धा राग येतो.

जूनमध्ये भांडारातून विचारणा आली. मक्याच्या भरड्याची पोती नेहमीपेक्षा जास्त उचलली गेली होती. साहजिक होतं. अंथरूण खाऊन पातळ झालं की लगेच ओलं व्हायचं, आणि रामवीरजी ओल्यावर उंदीर ठेवत नसत, रोज नवीन घालत. प्रशासनाच्या साहेबांच्या खोलीत आम्हाला बोलावलं. पंखा गरगरत होता, पेपरवेटखाली कागद फडफडत होते. रामवीरजींना विचारलं, माल गेला कुठे. ते म्हणाले, साहब, चूहे खा गए. कोपऱ्यातले दोन कारकून फसकन हसले. यावर आमच्या सरांनी अगदी हळू आवाजात, कुणाची तक्रार करतोय असं न वाटू देता सांगितलं, ‘‘इनके घर भैंस है.’’

एवढंच. पुढचं कुणाला समजावून सांगावं लागलं नाही. हा भरडा म्हशीला घालतात हे त्या भागातल्या प्रत्येकाला ठाऊक. साहेबांनी मान हलवली आणि नियम म्हणून माझ्याकडे वळले. मैडम, आप तो रोज़ वहीं बैठती हैं, आपने कुछ देखा?

रामवीरजींनी माझ्याकडे बघितलं. त्या नजरेत विनवणी असती तर मी आज कदाचित एवढी चिडले नसते. विनवणी नव्हती. माणूस आपल्या साक्षीदाराची पाळी आल्यावर निश्चिंत होतो तसे ते निश्चिंत झाले होते. मी लिहीत असताना ते शेजारीच उभे असायचे ना.

‘‘मेरा ध्यान नहीं था,’’ मी म्हणाले.

सोमवारपासून रामवीरजी आले नाहीत. कंत्राटदाराने नवा माणूस पाठवला, तो नियमाप्रमाणे तिसऱ्या दिवशी अंथरूण बदलायचा. औषधाचे उंदीर दुसऱ्या दिवसापासून ओल्या प्लास्टिकवर बसायचे. कच्ची वही सरांनी मागून घेतली, मी दिली. महिन्याच्या शेवटी उंदीर मारले, तेही माझंच काम होतं आणि ते मी नीट केलं. फेलोशिप सरांच्या सहीवर होती, वडील आजारी होते, परत गेले असते तर धाकटीचं शिक्षण थांबलं असतं. कारणं खूप होती आणि सगळी खरी होती. बावीस वर्षं मी ती स्वतःला ऐकवली आहेत आणि दर वेळी ऐकताना आणखी चिडले आहे.

सर निवृत्त होऊन पुण्यात असतात. रोज सकाळी सूर्योदयाचं चित्र पाठवतात, सुप्रभात. मी त्यांना अजून ब्लॉक केलेलं नाही. हात जोडलेलं चिन्ह पाठवते. हे लिहिताना माझी मलाच किळस येते आहे.

फोन हिसकावला त्याच्या दुसऱ्या दिवशी सईने मला स्वयंपाकघरात गाठलं. रडून झालं होतं, आवाज थंड होता. मग खरं काय होतं ते तरी सांग, म्हणाली. मी ओट्याला टेकून खाली बसले आणि सगळं सांगितलं, भरडा, थालीपीठ, कोरी कड, साहेबांची खोली. इंजेक्शनचं ती एक अक्षर बोलली नाही. बराच वेळ फरशीवर नखाने रेघा ओढत राहिली. ‘‘त्या अंकलचं काय झालं मग?’’ तिने विचारलं. मी म्हटलं, माहीत नाही. ‘‘तू कधी विचारलंसच नाही?’’

रविवारी मी गाझियाबादला गेले. मेट्रो संपते तिथे उतरले, पुढे ई-रिक्षा. गावाचं नाव एवढंच मला आठवत होतं आणि गाव आता उरलेलं नव्हतं. उसाच्या जागी वीस-वीस मजल्यांचे टॉवर, त्यांच्यामध्ये अडकून पडलेली जुन्या घरांची एक वस्ती. चहाच्या टपरीवर मी विचारलं, रामवीरजी, जे दिल्लीत उंदरांच्या प्रयोगशाळेत कामाला होते ते. चहावाल्याने थोडा विचार केला. कौन, बोरी वाले? बाकावरचा म्हातारा हसला आणि हात दाखवून म्हणाला, हाँ हाँ, बोरी वाले, तीसरी गली. बोरी म्हणजे पोतं. पोती चोरल्याच्या त्या आळावरून पडलेलं नाव बावीस वर्षांत वस्तीच्या तोंडी बसलं होतं आणि कुणाच्याही मनात त्यात काही वाईट उरलं नव्हतं. मी तिथेच उन्हात उभी राहिले. मग तिसऱ्या गल्लीत वळले.

रामवीरजींनी मला लगेच ओळखलं. केस सगळे पांढरे, अंगावर टॉवरच्या रखवालदाराचा निळा शर्ट, ड्यूटीवरून नुकतेच आलेले. बैठिए मैडम जी, म्हणाले, जणू मी मागच्या आठवड्यात भेटले होते. त्यांच्या बायकोने डोक्यावरचा पदर सावरत पाणी आणून ठेवलं आणि आत गेली. त्यांनी मला विचारलं, पढ़ाई पूरी हो गई थी न? मी म्हटलं, हो गई. अच्छा है, ते म्हणाले. टोमणा नव्हता त्यात, मी शोधला.

मेट्रोत मी हिंदी वाक्यं जुळवून आणली होती. पहिलंच वाक्य अर्ध्यावर असताना त्यांनी हात वर केला. ‘‘मुझे मत बताइए. मुझे तो मालूम है.’’ मग आतल्या दाराकडे बघून म्हणाले, ‘‘इसको बताइए. बाईस साल से मान रही है, पर मेरे कहने से मान रही है.’’

त्यांनी हाक मारली. ती येऊन समोरच्या खाटेच्या कडेवर बसली, हाताला कणीक तशीच. मी सांगितलं. चूहे बीमार थे, बिछौना खा रहे थे. ये रोज़ नया डालते थे. एक दाना घर नहीं लाए. मैंने अपनी आँखों से देखा था, लिखा भी था. माझं सांगून झाल्यावर ती बोटांवरची कणीक सोलू लागली.

‘‘ये बात आपको तब मालूम थी,’’ तिने विचारलं, ‘‘या बाद में पता चली?’’

बाद में म्हणायची जागा तिने मला करून दिली होती. रामवीरजींनी मला खोटं पाडलं नसतं.

‘‘तब मालूम थी.’’

तिने नवऱ्याकडे बघितलं, बराच वेळ. मग पदर पुन्हा डोक्यावर नीट घेतला आणि उठून बाहेरचं दार माझ्यासाठी उघडून धरलं. ‘‘तो अब आप जाइए, बहन जी. धूप और तेज़ हो जाएगी.’’

मी उठले. रामवीरजी खाली बघत बसून राहिले, त्यांनी मला थांबा म्हटलं नाही.